बंदूक, मोजफीत आणि वही : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि दक्षिण कोकण

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावर आरे आणि वारे ही दोन लहान गावे लागतात. डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरल्यामुळे येथे वाळूचे दोन पट्टे एकमेकांपासून वेगळे झाले असून, खाडीचे मुख, सुरूची बने, जांभ्या दगडाचे सडे आणि उतारांवरच्या आंबा-काजूच्या बागा हे सारे एका नजरेत सामावते. हिवाळ्यात या पट्ट्यांवर कुरव, सुरय, चिखल्या आणि तुतवार असे उत्तरेकडून येणारे किनारी पक्षी थव्यांनी उतरतात आणि पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, ज्याला या किनाऱ्यावर काकण असेही म्हणतात, खडकांवरून घिरट्या घालताना दिसतो. आज दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन येणारा पक्षिनिरीक्षक हातातल्या पुस्तकावरून ज्या नावांनी हे पक्षी ओळखतो, त्या नावांमागे बंदूक खांद्यावर घेऊन फिरलेल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या उभ्या आहेत. या माणसांना एकत्र आणणारी आणि त्यांच्या शिकारीतून शास्त्र उभे करणारी संस्था म्हणजे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिचा इतिहास लिहिताना शिकारीचे प्रकरण आवरते घेण्याची पद्धत पडली आहे; प्रस्तुत लेखात मात्र त्याच प्रकरणाला मध्यवर्ती स्थान दिले आहे, कारण ते वगळल्यास या संस्थेजवळचा संग्रह कोठून आला आणि तिच्या नियतकालिकाचा घाट तसा का पडला, हे कळत नाही.

दक्षिण कोकण, म्हणजे सावित्री नदीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंतचा जुना रत्नागिरी जिल्हा आणि त्याला लागून असलेले सावंतवाडी संस्थान, हा मुलूख मोठ्या शिकारीसाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. ‘मोठी शिकार’ ही संज्ञा वाघ, बिबळ्या, अस्वल, गवा, सांबर अशा मोठ्या सस्तन प्राण्यांच्या शिकारीला लावली जाई, तर तित्तिर, लावा, रानकोंबडा, हरियल, बदके आणि पाणलावा यांच्या शिकारीला ‘पाखरांची शिकार’ म्हणत. मोठ्या शिकारीचे शौकीन मध्य प्रांत, कारवार किंवा म्हैसूरकडे वळत. कोकणात त्यांच्या वाट्याला सह्याद्रीच्या कुशीतील क्वचित एखादा पट्टेरी वाघ, किनाऱ्यापर्यंत सर्वत्र आढळणारा बिबळ्या, आणि रानडुक्कर, भेकर, सांबर, ससा व साळिंदर एवढेच येई. याउलट पाखरांच्या बाबतीत हा मुलूख श्रीमंत होता. खाड्या, खाजणे (खाऱ्या पाण्याची बांध घालून अडवलेली जमीन), भातखाचरे आणि दाट झाडी एकमेकांना खेटून असल्यामुळे काही कोसांच्या फेरीत समुद्रपक्षी, पाणपक्षी आणि रानपक्षी तिन्ही हाती लागत.

या श्रीमंतीची पहिली व्यवस्थित मोजदाद सोसायटीच्या स्थापनेआधीच झाली. रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीस असलेला सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी तयार केली आणि ती १८८० मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच. त्याच वर्षी निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या, म्हणजे रत्नागिरी व सावंतवाडीच्या खंडासाठीही व्हिडालने बरीच सामग्री पुरवली होती. दुर्बिणी फारशा उपयोगाच्या नसलेल्या त्या काळात पक्ष्याची खात्रीलायक ओळख त्याला पाडून, हातात घेऊन, पिसे आणि चोच तपासूनच पटत असे. त्यामुळे अशी यादी ही एका अर्थी शिकारीचाच हिशेब असे. व्हिडालसारख्यांचे वेगळेपण एवढेच की हा हिशेब त्यांनी स्वयंपाकघरात संपू दिला नाही, तर कागदावर आणला.

सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत झाली. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि दरमहा एकत्र येऊन प्राणिजीवनाविषयीच्या नोंदींची देवाणघेवाण करावी, मिळालेले नमुने एकमेकांना दाखवावेत, असे त्यांनी ठरवले. या आठांपैकी दोघे मराठी होते आणि दोघेही डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक आणि १८७९ चे मुंबईचे शेरीफ डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे एक, आणि वनस्पतींचे जाणकार, रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे दुसरे. उरलेल्यांत मीठ व जकात खात्यातील एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा पुढे सर्वांत अधिक लिहिता ठरला. साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला एटकेन नोकरीनिमित्त खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द आणि रत्नागिरी अशा ठिकाणी फिरला होता. जकातनाके आणि मिठागरे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे आयुष्य खाड्या आणि किनाऱ्यांवरच जात असल्याने त्याच्या लेखनात कोकणपट्टीचे बारीकसारीक जीव सहजपणे आले. मोठ्या जनावरांपेक्षा अंगणातल्या किड्या-पाखरांकडे त्याचे लक्ष अधिक असे, आणि शिकाऱ्यांच्या घोळक्यात ही वृत्ती टिकून राहिली, हे संस्थेच्या पथ्यावर पडले.

सुरुवातीला संस्थेला स्वतःची जागा नव्हती. मद्याचे व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांनी १८८४ मध्ये आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील पेढीतील एक दालन दिले आणि सभासदांनी पाठवलेली शिंगे, कातडी, अंडी आणि बाटल्यांतील साप तेथे जमू लागले. पुढे संस्था अपोलो स्ट्रीटवरील जागेत गेली. फिप्सन यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात बसणारा ‘विल्यम’ नावाचा मोठा धनेश (राजधनेश, इंग्रजीत हॉर्नबिल) कारवारहून १८९४ मध्ये भेट म्हणून आला होता आणि १९२० पर्यंत त्याने संस्थेत मुक्काम केला. संस्थेच्या बोधचिन्हावर आणि तिच्या इमारतीच्या नावात जो धनेश आहे, तो हाच. जानेवारी १८८६ मध्ये नियतकालिक सुरू झाले. संपादक होते एटकेन आणि रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल. स्टर्नडेल हा सातपुड्यातील शिवनीच्या जंगलांत शिकार केलेला अधिकारी; त्याने त्या भागातील छावणी-जीवनावर १८७७ मध्ये पुस्तक लिहिले होते आणि भारतातील सस्तन प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ १८८४ मध्ये निघाला. एक संपादक अंगणातल्या किड्यामुंग्यांत रमणारा आणि दुसरा वाघाच्या मागावर राहिलेला, या जोडीमुळे नियतकालिकाच्या एकाच अंकात मुंगीवरचे टिपण आणि शिकारीची हकिकत शेजारी शेजारी बसू लागली.

सभासदांच्या शिकारीच्या फेऱ्या ही आजच्या सहलीसारखी स्वतंत्र गोष्ट नसे. ती सरकारी फिरतीचाच एक भाग असे. पावसाळा संपून वाटा मोकळ्या झाल्या की जिल्ह्याचे अधिकारी जमाबंदी, जंगल, बांधकाम अशा कामांसाठी महिनोन्‌महिने तंबूत राहत. तंबू, पेट्या आणि स्वयंपाकाचे सामान बैलगाड्यांवरून किंवा कोकणात माणसांच्या डोक्यावरून आणि मचव्यांतून पुढच्या मुक्कामी जाई. मुक्कामावर पोहोचताच पाटील अथवा खोत (कोकणात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार) यांच्याकडून जनावराची खबर घेतली जाई. खबर पक्की असेल तर दोन पद्धती होत्या. पहिली हाक्याची : गावातील पाच-पन्नास माणसे ढोल, डबे आणि आरोळ्यांनी रान उठवत एका बाजूने पुढे सरकत आणि शिकारी दुसऱ्या बाजूला, जनावराच्या वाटेवर, आडोसा धरून थांबत. दुसरी मचाणाची : पाणवठ्याजवळ किंवा बिबळ्याने मारलेल्या जनावराजवळ झाडावर माळा बांधून, अनेकदा आमिष म्हणून पारडू किंवा बकरे बांधून, रात्रभर बसावे लागे. कोकणच्या दाट करवंदीच्या जाळ्यांत आणि उताराच्या रानात हाका फसण्याचाच संभव अधिक असे, म्हणून येथे बिबळ्यासाठी मचाणच पसंत केले जाई.

जनावर पडल्यानंतर जे घडे, त्यात सोसायटीचा खरा वाटा होता. मोजफीत बाहेर निघे. वाघ-बिबळ्याची लांबी मोजण्याच्या दोन रीती प्रचलित होत्या. ‘खुंट्यांमधील मापा’त जनावर सरळ ताणून ठेवून नाकाच्या टोकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी दुसरी खुंटी ठोकत आणि मग दोन खुंट्यांमधले सरळ अंतर मोजत, ‘वळणाच्या मापा’त फीत डोके, मान, पाठ आणि शेपूट यांच्या उंचसखलपणावरून फिरवत नेत. दुसऱ्या रीतीने तेच जनावर काही इंच लांब भरते, आणि या काही इंचांवरून शिकाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालत. कोणत्या रीतीने मोजले ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, ही शिस्त शास्त्राच्या दृष्टीने मोलाची होती; पण तिच्यामागची प्रेरणा बहुतेक वेळा शास्त्राची नसून, दिवाणखान्यात टांगायच्या मुंडक्याची होती. लंडनमधील, मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारा कारागीर रोलंड वॉर्ड याने १८९२ पासून मोठ्या शिंगांच्या आणि कातड्यांच्या उच्चांकांचे पुस्तक काढायला सुरुवात केल्यानंतर ही चढाओढ आणखी वाढली. संस्थेच्या इतिहासात या हौसेला उदात्त रूप देण्याची गरज नाही. हौस हौसच होती. तिच्यातून आकडे उरले, हा संस्थेचा लाभ.

पाखरांच्या शिकारीत हौस आणि नोंद यांतील अंतर आणखी कमी होते. पाणलावा हा लांब सरळ चोचीचा, चिखलात दडून बसणारा पक्षी हिवाळ्यात भात कापून झालेल्या ओल्या खाचरांत उतरतो. त्याच्यासाठी शिकारी ओळीने चिखल तुडवत जात आणि पायाखालून नागमोडी वळणे घेत उठणाऱ्या पाखरावर क्षणात बार टाकत. हरियल, म्हणजे हिरवे कबूतर, पिकलेल्या उंबर-वडाच्या झाडावर पहाटे गाठावे लागे; रानकोंबड्याला आरवण्यावरून. समुद्रकिनाऱ्यावर, आरे-वाऱ्यासारख्या उघड्या वाळूवर, आडोसा नसल्याने कोरल आणि मोठे चिखल्ये सहसा पल्ल्यात येत नसत, आणि किनारी पक्ष्यांचे नमुने बहुधा खाडीच्या मुखाशी, भरतीच्या वेळी थवे आत ढकलले गेल्यावर मिळत. यांतील बहुतेक पाखरे ताटात जात. पण ओळख न पटलेले, किंवा ठिकाण वा हंगाम पाहता नवलाचे वाटणारे पाखरू वेगळे काढले जाई. त्यासाठी अगदी बारीक छर्रे वापरत, कारण जाड छर्ऱ्यांनी कातडे फाटते. मग पोटावर एक चीर देऊन कातडे उलटे सोलून काढायचे, आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापूस भरून मूळ आकार द्यायचा, आणि पायांना दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, आणि डोळ्यांचा, चोचीचा व पायांचा ताजा रंग लिहायचा, कारण हे रंग काही तासांत फिके पडतात. चिठ्ठी नसलेले कातडे कितीही देखणे असले तरी संग्रहाच्या दृष्टीने त्याला किंमत नसते. चिठ्ठी असलेले मळके कातडे शंभर वर्षांनंतरही साक्ष देते. सोसायटीच्या संग्रहात आज पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी आणि कीटक मिळून एक लाखाहून अधिक नमुने आहेत आणि त्यांचा पाया अशा चिठ्ठ्यांवर उभा आहे.

या सगळ्या उद्योगात स्थानिक माणसाचा वाटा किती होता, याविषयी छापील पाने बहुधा गप्प असतात. माग काढणारा, कोणत्या जाळीत डुक्कर बसले आहे ते वाऱ्यावरून सांगणारा, मचाण बांधणारा आणि जखमी बिबळ्याच्या मागे रक्ताच्या थेंबांवरून सर्वांत पुढे चालणारा माणूस गावचाच असे. टिपणात मात्र तो ‘शिकारी’ किंवा ‘हाकेकरी’ एवढ्या नावाने येतो. बंदुकीच्या बाबतीत तर कायद्यानेच दोन पंगती मांडल्या होत्या. १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये देशी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती, तर युरोपियनांना त्यातून सूट होती. कोकणी गावकऱ्याच्या हाती परवान्याने मिळालेली ठासणीची बंदूक असे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छर्रे भरून गजाने ठासायची बंदूक. तिचा एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत सावज रान पार करून जाई. गावाची सामुदायिक पारध आणि सावजाचे वाटे घालण्याची रीत ही साहेबाच्या शिकारीहून कितीतरी जुनी होती, पण तिला वहीही नव्हती आणि नियतकालिकही.

सरकारनेच मांडलेली एक वेगळी ‘शिकार’ रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात चालली होती, आणि तिची तुलना कोणत्याही शिकारी मोहिमेशी होऊ शकत नाही. ती होती फुरशांची. फुरसे हा लहान चणीचा, करवतीसारख्या खवल्यांचा विषारी साप कोकणच्या कातळसड्यांवर दगडाखाली विपुल आढळतो. त्याच्या दंशाने होणारे मृत्यू कमी करण्यासाठी सरकारने मारलेल्या सापामागे बक्षीस ठेवले. डिसेंबर १८६२ मध्ये आठवडाभरातच एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली आणि पुढे काही वर्षे सरासरी सव्वादोन लाखांच्या घरात फुरशी दरसाल मारली गेल्याचे आकडे नोंदले आहेत. इतके साप मारूनही फुरसे कोकणातून संपले नाही, आजही ते सड्यावर आहे. सर्पदंशाची आकडेवारी कशी अपुरी आणि विसंगत आहे, याची चिकित्सा करणारा व्हिडालचा लेख १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला. मारलेल्या सापांची जात पटवल्याशिवाय बक्षिसाच्या आकड्यांना शास्त्रात काही किंमत नाही, हा वाद पुढे आणण्यासाठी अशा लेखनाचा उपयोग झाला, आणि बंदूक-बक्षिसाच्या काळातच बंदूक-बक्षिसाविषयी शंका घेणारी संस्था म्हणून सोसायटीची एक बाजू दिसू लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी फिप्सन यांच्यानंतर डब्ल्यू. एस. मिलार्ड मानद सचिव झाले आणि संस्थेने सभासदांच्या यदृच्छेने येणाऱ्या नमुन्यांवर विसंबून राहण्याचे सोडले. १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू झाली. वर्गणी सभासद, मळेवाले, संस्थानिक आणि सरकार यांच्याकडून आली आणि पगारी संग्राहक खानदेशापासून कामाला लागले. वाघ-गव्यांपेक्षा उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळे आणि खारी यांच्यावर या पाहणीचा भर होता. शिकाऱ्यांच्या पैशाने उंदीर गोळा व्हावेत, हा या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल, पण त्याचा गाजावाजा कमी झाला.

मिलार्ड यांचे नाव मात्र वेगळ्याच प्रसंगाने लोकांना ठाऊक आहे. १९०८ च्या सुमारास खेळण्यातल्या एअरगनने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी ओळखून घेण्यासाठी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांची चिठ्ठी घेऊन आलेल्या शाळकरी सालिम अलींना त्यांनी संग्रहाची कपाटे उघडून दाखवली. तय्यबजी स्वतः शिकारी आणि सोसायटीचे सभासद होते. सालिम अलींनी पुढे आयुष्यभर नमुन्यांसाठी बंदूक चालवली आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. त्याच वेळी कोकणातल्या किहीमच्या किनाऱ्यावर १९३० मध्ये सुगरणीच्या वसाहतीसमोर बसून, एकही बार न टाकता केलेल्या निरीक्षणांवर त्यांची कीर्ती उभी राहिली. १९४१ मध्ये निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांच्या पुस्तकाने पक्षी हातात न घेता ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लावली.

पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शास्त्राशी जोडलेला धागा याहून गुंतागुंतीचा आहे. स्टुअर्ट बेकर या आसाममधील पोलिस अधिकाऱ्याची भारतीय बदकांवरील रंगीत चित्रांसह लेखमाला १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नियतकालिकात सुरू झाली, आणि १९०८ मध्ये तिचे पुस्तक निघाले. शिकारी वाचक तिच्यामुळेच मोठ्या प्रमाणावर जोडला गेला. १९२७ मध्ये सोसायटीने धार संस्थानात बदकांच्या पायांत कडी अडकवून स्थलांतराचा माग काढण्याचा उपक्रम हाती घेतला. कड्यावर क्रमांक आणि मुंबईला कळवण्याची विनंती असे. पण कडे हाती येण्यासाठी बदक कुठेतरी, अनेकदा हजारो किलोमीटरांवर उत्तर आशियात, कोणाच्यातरी बंदुकीने पडावे लागे. शिकाऱ्याशिवाय हा प्रयोग चाललाच नसता. याच काळात भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी १२ नोव्हेंबर १९३८ रोजी एका दिवसात ४,२७३ पाणपक्षी पाडले. अशा दिवसांतून शास्त्राला काहीही मिळाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते तळे शिकारीसाठी बंद होऊन अभयारण्य व्हावे यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत सालिम अली अग्रभागी होते.

संस्थेचे मत शिकारीविरुद्ध एकाएकी फिरले नाही, ते कायद्यांच्या पायऱ्यांनी सरकत गेले. १८८७ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा यांनी ‘बंद हंगाम’, म्हणजे विणीच्या महिन्यांत ठरावीक जातींची शिकार आणि विक्री बंद ठेवण्याची कल्पना आणली. ती मुळात शिकाऱ्यांच्याच हिताची होती, कारण पिल्ले वाढली तरच पुढच्या हंगामात सावज उरते. १९२० नंतर संस्थेचे क्युरेटर राहिलेले एस. एच. प्रॅटर यांनी १९३३ मध्ये वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा प्रश्न नियतकालिकातून सविस्तर मांडला. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात पुढे मानद सचिव राहिलेले हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. अब्दुलअली उत्तम नेमबाज आणि कसलेले संग्राहक होते, आणि परवाना, हंगाम व पाखरांच्या संख्येची मर्यादा यांतल्या पळवाटा कोणत्या, हे शिकाऱ्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. संस्थेच्या इतिहासातील ही बाब सर्वांत बोलकी मानावी लागेल. मोहिमा काढणाऱ्या पिढीनेच मोहिमा थांबवणारी कलमे लिहिली, आणि ती टिकली याचे एक कारण लिहिणाऱ्यांना खेळ आतून माहीत होता.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा महाराष्ट्रात १ जून १९७३ पासून लागू झाला. त्यातही सुरुवातीला मोठ्या आणि लहान शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती, आणि ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकल्यावर हौशी शिकार कायद्याने संपली. सोसायटीने १९६५ पासून मुंबईतील हॉर्नबिल हाउसमध्ये आपले कार्यालय, संग्रह आणि ग्रंथालय एकत्र आणले होते. शिकारीच्या हकिकती नियतकालिकातून हळूहळू मावळल्या आणि त्यांची जागा पाहणी, कडी बसवणे आणि अधिवासाचा अभ्यास यांनी घेतली.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बंदूक मात्र पूर्णपणे गेलेली नाही. रानडुक्कर आणि माकडे भात, नाचणी, कलमे आणि नारळ यांची नासाडी करतात, म्हणून शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो. निवडणूक आली की हीच बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमक्या पीक तयार होण्याच्या दिवसांत ती जमा असेल तर शेतकरी चिडतो. वन विभागाची परवानगी घेऊन, अटी पाळून रानडुकराचा बंदोबस्त करता येतो, पण त्यातल्या कागदपत्रांनी होणारी दमछाक पाहता परवानगीशिवाय फासे आणि गावठी बॉम्ब लावण्याचे प्रकार थांबत नाहीत, आणि त्यांत डुकराबरोबर बिबळ्याही अडकतो. कायद्याने हौस संपवली, गरज तशीच ठेवली, असे या बाबतीत म्हणावे लागते.

दुसरीकडे, व्हिडालने नोंदलेल्या काकणाचा पाठपुरावा याच जिल्ह्यातील संस्थेने केला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने कोकण किनाऱ्यावरील समुद्रगरुडांची घरटी गावोगाव जाऊन मोजली आणि २००२ पासून वेळास येथे समुद्री कासवांची अंडी वाचवण्याचे काम उभे केले. एकेकाळी कासवाची अंडी गोळा करून आणणारेच पुढे या कामात सामील झाले, हे सोसायटीच्याच इतिहासाचे लहान प्रमाणावरील दुसरे रूप आहे. समुद्रगरुड वर्षानुवर्षे त्याच उंच झाडावर घरटे बांधतो. ते झाड ठेवायचे की तोडायचे हे बागेचा मालक ठरवतो, आणि म्हणून घरट्याचा नकाशा करताना मालकाशी ओळख करून घ्यावी लागली. आरे-वाऱ्याच्या परिसरात हिवाळी पक्ष्यांची गणना करणाऱ्या हौशी मंडळींना हल्ली पर्यटकांची वर्दळ, वाळूवर चालवलेल्या गाड्या आणि भटकी कुत्री यांच्यातून वाट काढावी लागते. छर्ऱ्यांचा धोका गेला, पण थव्यांना भरतीच्या वेळी निवांत बसायला जागा मिळेनाशी झाली.

कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही आजोबांच्या काळच्या परवान्यांच्या वह्या, शिकारीची छायाचित्रे, हाक्याला आलेल्यांच्या मजुरीचे हिशेब आणि कधीकधी डुकराचे सुळे किंवा सांबराची शिंगे सापडतात. कातडी, शिंगे आणि सुळे यांच्या बाबतीत १९७२ च्या कायद्यानुसार मालकीचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे अशी वस्तू आढळल्यास वन विभागाकडे चौकशी करावी आणि ती परस्पर विकू किंवा देऊ नये. कागद आणि छायाचित्रांना असे बंधन नाही. ज्या हाकेकऱ्यांची आणि गावच्या शिकाऱ्यांची नावे नियतकालिकात आली नाहीत, ती या हिशेबांत असण्याचा संभव अधिक आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत न घालता, गाव, साल आणि माणसांची नावे मागे पेन्सिलीने लिहून, त्यांची प्रत मुंबईत शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाउसमधील ग्रंथालयाकडे किंवा आपल्या जिल्ह्यातील निसर्गसंस्थेकडे द्यावी.